दुपारची पट्टी

त्या दिवशी सकाळी वीज उशिरा आली, घाईत काम आधी सुरू झालं आणि रोजची पट्टी मी दुपारी फाडली. वीज वेळेवर आली असती तर पट्टी नेहमीसारखी चांगली निघाली असती आणि मी निवांतपणे पुढच्या कामाला लागलो असतो.

पट्टी म्हणजे काय ते आधी सांगतो. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवी कार्यालयं मिळेल त्या भाड्याच्या जागेत उघडत होती आणि प्रत्येकाला कपाटं, टेबलं, रॅक पाहिजे होते. औसा रोडला आप्पांचा पत्र्याच्या फर्निचरचा कारखाना होता. आप्पा म्हणजे आमचे मालक. मूळचे आडतीवाले, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. गावातले लहानथोर त्यांना आप्पाच म्हणत. मी भोकरकडचा, नांदेडला आयटीआय करून त्यांच्याकडे नोकरीला लागलो होतो. माल बाहेर जाण्याआधी तपासणं हे माझं काम.

रॅकचे पत्रे आम्ही स्पॉट वेल्डिंगने जोडत असू. दोन पत्रे एकावर एक ठेवून तांब्याच्या दोन टोकांमध्ये धरायचे आणि पायाने पेडल दाबायचं. टोकं पत्र्याला आवळून धरतात, क्षणभर जबरदस्त करंट जातो आणि दोन पत्र्यांच्या मधोमध लोखंड वितळून शर्टाच्या बटणाएवढा भाग एकजीव होतो. वरून दिसतो तो फक्त गोल ठसा. आत बटण तयार झालं की नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून रोज काम सुरू करताना त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडायच्या, शिकंज्यात धरायच्या आणि छिन्नी घालून सोलून काढायच्या. जोड पक्का असेल तर तो सुटत नाही. पत्राच फाटतो, एका पट्टीला भोक पडतं आणि बटण दुसऱ्या पट्टीला चिकटून राहतं. जोड कच्चा असेल तर दोन्ही पट्ट्या वाळलेल्या डिंकासारख्या सुटून येतात.

त्या दुपारी पट्टी सुटून आली. छिन्नीला हातोडीचा दुसरा घावसुद्धा लागला नाही.

मी दुसरी जोडायला लावली. तीही सुटली. दोन्ही पत्र्यांवर नाण्यासारखे चकचकीत गोल डाग, आणि भोक कुठेच नाही.

मशीनवर चाचा होते. नांदेडच्या वर्कशॉपमध्ये उमर घालवलेला माणूस. ते म्हणाले, "सुबह की पट्टी तो रोज अच्छी आती थी ना, साब?"

"सुबह की आती थी," मी म्हणालो, आणि पाना उचलला.

मी टोकं उतरवून मोजली. सकाळी कानस मारून पाच मिलिमीटरची केलेली टोकं चेपून सातच्या वर गेली होती. पाचाचं सात म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. तोच करंट दुप्पट जागेत पसरला की कुठेच पुरेसं तापत नाही. त्यात दुपारी सगळीकडच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उष्णता दहा नव्हे, एकोणीस टक्के कमी होते. आणि यातलं काहीच बाहेरून कळत नाही. उलट टोक चेपलं की ठसा मोठा उठतो. दुपारचा कच्चा जोड सकाळच्या पक्क्या जोडापेक्षा दिसायला भारदस्त.

टोकं एवढी का चेपली, ते बघायला मी मागच्या ड्रममध्ये हात घातला आणि लगेच बाहेर काढला. पाणी चहासारखं गरम होतं.

तांब्याची टोकं आतून पोकळ असतात आणि त्यातून सारखं गार पाणी फिरावं लागतं. आमच्याकडे बोअरचं पाणी मशीनमधून जाऊन नालीत पडायचं. पण तो दुष्काळाचा उन्हाळा होता. गावातले बोअर एकामागून एक आटले, आमचा तेवढा चालू राहिला, आणि मागच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन फाटकाशी येऊ लागल्या. नालीत पाणी सोडणं आप्पांना बघवेना. मी सुचवलं होतं, मशीनमधून निघालेलं पाणीच त्यांच्या घागरीत सोडू, पाणी तर स्वच्छच असतं. आप्पांनी कानाला हात लावले. "मशीनचं उष्टं पाणी माणसाला द्यायचं? कुठं फेडू हे? ताजं बायांना द्या. मशीनला काय, तेच तेच पाणी फिरवा." तेव्हापासून बोअरचा नळ फाटकाकडे वळला आणि मशीनला ड्रमचं पाणी आलं. सकाळी गार, दुपारपर्यंत उकळतं. मी पट्टी फाडायचो ती सकाळी.

मी मशीन बंद करायला लावलं आणि आप्पांच्या खोलीत गेलो. ते जपाला बसले होते. मी थांबलो नाही.

"आप्पा, ड्रम लावल्यापासून बाहेर काय काय गेलं?"

त्यांनी डोळे उघडले. "तूच तर पाठवतो. दफ्तराचे रॅक गेले. दुसरं काय."

ते मलाही माहीत होतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. त्या काळात आम्ही एकच काम केलं होतं: एका नव्या कार्यालयाच्या दफ्तरखान्याचे उंच रॅक. जुन्या जिल्ह्यातून ट्रकने आलेले मिसलींचे, म्हणजे जुन्या फायलींचे, बस्ते त्यांवर लागले होते. आणि ते बस्ते लावणारे, त्या रॅकच्या मधोमध दिवसभर बसणारे रेकॉर्ड कीपर म्हणजे माझे सासरे. त्या वर्षीच माझं लग्न झालं होतं.

मग मला पाल आठवली.

दोन दिवसांपूर्वी मामा आमच्याकडे जेवायला आले होते. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. जेवता जेवता ते माझ्या बायकोला म्हणाले, "दफ्तरात एक पाल शिरलीय बाई. रोज दुपारी चुकचुकते. बघाया जावं तर दिसत न्हाई." बायको म्हणाली, "टिनाला असंल, अण्णा." विषय तिथेच संपला. मी भाकरी खात होतो.

सुटलेल्या पट्ट्या मी आप्पांपुढे धरल्या, मग त्या, छिन्नी आणि हातोडी पिशवीत घातली. आप्पा काही न विचारता जीपमध्ये बसले. वाटेत एकदाच बोलले, "वरच्या फळीवर वजन किती धरलं होतं आपण?"

"साठ किलो."

"मग साठच ठेवलं असंल त्यांनी."

मामांची पद्धत मला माहीत होती. वाळवी खालून चढते, म्हणून सगळ्यात जुने बस्ते सगळ्यात वर, ही त्यांच्या दफ्तराची निजामाच्या काळापासूनची रीत. आणि सगळ्यात जुने म्हणजेच सगळ्यात जड. जाड कागद, कातडी बांधणी, वर दोन पदरी लाल कापड. तसले आठ-दहा बस्ते फळीवर दाटीने बसवले तर साठाचे शंभर सहज होतात. फळी सरळ असते तोवर वजन जोडाला खाली ओढतं, आणि ते जोड बऱ्यापैकी सोसतो. पण फळी मधे वाकली की खांबाला जोडलेली तिच्या टोकाची पट्टी जोडापासून उचलली जाते, छिन्नीने सोलावी तशी. स्पॉटचा जोड सोलण्यापुढे टिकत नाही. म्हणूनच तर आम्ही पट्टी सोलून बघतो.

दफ्तरखाना म्हणजे जुन्या जिनिंगचं टिनाचं गोदाम. आत शिरलो तर दोन्ही बाजूंना आमचे राखाडी रॅक छतापर्यंत, त्यांवर लाल बस्ते, आणि मधल्या बोळात सतरंजी टाकून, उतरतं डेस्क पुढ्यात घेऊन मामा चिठ्ठ्या चिकटवत बसलेले. समोर खिडकी होती. त्या भट्टीत वारा लागणारी तेवढी एकच जागा होती.

"या जावईबापू. आज इकडं कुठं वाट चुकली? अन् आप्पाबी? बसा. माठातलं पाणी घ्या, पण अर्धाच पेला. टँकर उद्या हाय."

"मामा, जरा बाहेर येता का?"

"बाहेर ऊन हाय. तुम्हीच बसा आत."

"ती पाल कुठं चुकचुकते?"

त्यांनी मान वर न करता लेखणी डोक्याच्या वर उजवीकडे दाखवली. "तिथं. वरल्या फळीच्या अंगाला. का, पाल धरायला आले का सासऱ्याची?"

मी वर पाहिलं. फळी मधोमध वाकली होती. जास्त नाही, पण खालच्या फळ्यांशी ताडून पाहिलं तर दिसत होतं. कोपऱ्यातली पट्टी खांबापासून किंचित सुटल्यासारखी वाटत होती. तिच्या जवळजवळ सरळ खाली मामांची टोपी होती.

आप्पा सवयीने चपला दाराबाहेर काढून आले होते. ते म्हणाले, "पाव्हणं, तिथनं उठा आधी."

"उठतो की. एवढ्या चिठ्ठ्या होऊ द्या. उद्या मोठे साहेब बघायला येऊन राहिले. तुमचं बिल तर निघालं न आप्पा? मग आता काय न्यायला आलात, रॅक?"

"रॅकच न्यायला आलो."

मामांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं: पाणी तापलं, टोकं चेपली, जोड कच्चे झाले असतील.

"असतील म्हंजे? हायेत का न्हाईत?"

"फाडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, मामा."

"म्हंजे तुम्हाला ठाऊक न्हाई."

"नाही."

"अन् ठाऊक नसताना माझं दफ्तर खाली उतरवायचं." ते शांतपणे बोलत होते, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "सगळा उन्हाळा या टिनाखाली घालवला मी. कोणत्या गावची मिसल कुठं, डोळे झाकून सांगतो. उतरवलं तर परत कोण लावणार? तुमचा कारखाना? मी इथं सगळ्यांना सांगून बसलो, रॅक आमच्या जावयाच्या नजरेखालचे हायेत म्हणून. उद्या साहेबाला काय सांगू, जावयाची नजर कच्ची निघाली?"

सासऱ्याला हाताला धरून उठवायची आमच्याकडे रीत नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

तेवढ्यात वर आवाज झाला. टक्.

"ऐका. पाल," मामा म्हणाले, आणि बोटाने जमिनीवर टिचकी मारत 'कृष्ण कृष्ण' पुटपुटले. आप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. मी फळीकडे बघत होतो. पाल नव्हती.

दाराजवळ एक रॅक अजून रिकामा होता. त्याच मालातला. मी छिन्नी काढली, खालच्या फळीच्या कोपऱ्यात पट्टी आणि खांब यांच्या मधे घातली आणि हातोडी मारली. दुसऱ्या घावाला पट्टी सुटली. मामा उठले नाहीत, पण वाकून बघू लागले. मी त्यांना ते चकचकीत गोल डाग दाखवले.

"दुसरा कोपरा," ते म्हणाले.

दुसऱ्या कोपऱ्याला छिन्नी शिरेना. पाच-सहा घाव घातले तेव्हा कुठे पत्रा चरचरत फाटला आणि बटण भोक पाडून बाहेर आलं. पक्का जोड. कारखान्यात मी त्यावर खूश झालो असतो. इथे तोच आडवा आला, कारण मामांचा चेहरा निवळला.

"हा तर घट्ट हाय."

"हा सकाळचा असेल, मामा."

"अन् तो?"

"तो दुपारचा."

"मग माझ्या डोक्यावरला?"

"ते मला माहीत नाही."

मी हो किंवा नाही काहीही म्हणालो असतो तर त्यांनी वाद घातला असता, असं मला आजही वाटतं. त्यांनी लेखणी पुसली, दौतीला बूच लावलं, डेस्क उचललं आणि दाराकडे चालत आले.

"उतरवा," ते म्हणाले. "पण माझ्या क्रमानं."

खरी अडचण इथे सुरू झाली. वरचे बस्ते काढायला नेहमी रॅकला शिडी टेकवत, आणि नेमकं तेच आता करता येत नव्हतं. रॅकला धक्का लागता कामा नये. मग बाहेरच्या खोलीतली दोन टेबलं एकावर एक ठेवली आणि मी चढलो. आप्पांनी गोदामाच्या कोपऱ्यातली एक लांब लाकडी बल्ली उचलली, तिचं टोक सुटलेल्या कोपऱ्याखाली टेकवलं आणि खालून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी म्हणालो, शिपायाला धरू द्या. म्हणाले, "फळी माझी हाय."

पहिला बस्ता त्याच कोपऱ्यातला काढायचा होता, वजन तिथलं आधी कमी व्हावं म्हणून. मामा म्हणाले, क्रम मोडतो. मी म्हणालो, मोडू द्या. ते म्हणाले, थांबा, आणि खडूने त्या बस्त्याची जागा भिंतीवर लिहून घेतली. मग म्हणाले, "हं."

मी बस्ता ओढला नाही, दोन्ही हातांनी उचलून पुढे घेतला. जुन्या कागदाचा आणि डिंकाचा वास आला. शिपायाने खाली घेतला. दुसरा. तिसरा. टिन तापून अधूनमधून वाजत होतं आणि दर आवाजाला आम्ही सगळे थिजत होतो. टिनाचा आवाज वेगळा, लांबट असतो. हे मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या बस्त्याला हात घातला आणि पुन्हा आवाज झाला. टक्. फळी माझ्या डोळ्यांसमोर बोटभर खाली आली आणि बल्लीवर बसली. आप्पांचे गुडघे वाकले, पण बल्ली हलली नाही.

थोड्या वेळाने आप्पांचा खालून आवाज आला, जड झालेला. "शिव शिव. पाव्हणं, तुमची पाल माझ्या खांद्यावर बसली बघा."

मामा हसले नाहीत. त्यांनी पुढे होऊन आप्पांच्या हाताखाली बल्लीला हात लावला. मी त्यांना बाजूला व्हा म्हणालो. "तुम्ही काढा बस्ते," ते म्हणाले. "बोलू नका."

फळी रिकामी झाली तेव्हा उन्हं कलली होती. बाकीचे रॅक उतरवायला रात्र झाली. बस्ते विटा-फळ्यांवर गावांच्या क्रमाने रचले, आणि मामा विटांभोवती वाळवीची पावडर टाकत फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी तिथे नव्हतो, शिपायाने नंतर सांगितलं. साहेबांनी जमिनीवरचं दफ्तर पाहून सगळ्यांसमोर मामांना झापलं. मामा एवढंच म्हणाले, "रॅक मीच परत पाठवले. काम मला पसंत न्हवतं." कारखान्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, जावयाचं तर नाहीच.

त्याच दुपारी ते कारखान्यात आले. मी तोच रॅक अंगणात आडवा टाकून उघडत होतो. त्या कोपऱ्यात चार जोड होते. तीन आधीच सुटलेले, चकचकीत. चौथा काही केल्या सुटेना. शेवटी पत्रा फाटून बटण बाहेर आलं. शंभरेक किलोच्या फळीचं ते टोक एका जोडावर लटकलं होतं. मामांनी ते बटण बोटाने चाचपून पाहिलं. "एवढंसं असतं होय," म्हणाले.

फाटकाशी बाया उभ्या होत्या. आप्पांनी त्यांना समजावलं, की आता ताजं पाणी आधी मशीनला द्यावं लागेल, त्यातून निघेल ते कोमट पाणी चालत असेल तर बघा, नाहीतर मी दुसरी काही सोय करतो. बोलताना ते अगदी खालच्या मानेने बोलत होते, जणू उष्टं ताट पुढे करत होते. एक म्हातारी घागर खाली ठेवत म्हणाली, "आप्पा, मशीनला काय तोंड हाय का उष्टं करायला? अन् कोमट असंल तर लई बरं. आंघुळीला जळण वाचंल." मागच्या बाया हसल्या. आप्पांनी स्वतः पाइप तिच्या घागरीत सोडला. ड्रम त्या दिवशी भंगारात गेला.

रॅक पुन्हा जोडून, फळ्यांखाली जास्तीची पट्टी देऊन आम्ही परत पाठवले. मामांनी जुने बस्ते यावेळी मधल्या फळ्यांवर लावले, आणि सतरंजी त्याच जागी, खिडकीसमोर टाकली. मी म्हणालो, जागा बदला. म्हणाले, "का? तुम्ही बघितलंय ना आता?"

तेव्हापासून मी पट्टी दोनदा फाडू लागलो, सकाळी आणि दुपारी. मामा आमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा हातपाय धुऊन आधी विचारायचे, "दुपारची पट्टी?"

"फाडली."

"बटण?"

"आलं."

मग पाट ओढून बसायचे. एकदा मी म्हणालो, वीज गेली होती म्हणून दुपारची राहिली, मशीन बंदच आहे. बायकोने ताट वाढलं होतं. मामांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वीज येईल तवा आधी फाडून या," ते म्हणाले. "मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. मी परत आलो तेव्हा ताट झाकलेलं होतं आणि मामा भिंतीला टेकून बसले होते.

"आलं," मी म्हणालो.

"मग वाढ गं बाई," ते म्हणाले.